साडेपाच तासांचा घोळ: युनिक्स संगणकाचं घड्याळ आणि टाइमझोन

एका सहकारी संस्थेच्या कार्यालयातून मला बोलावणं आलं. तिथे हजेरीचं यंत्र एका लिनक्स सर्व्हरला जोडलेलं होतं आणि त्या सर्व्हरवरून रोज सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी वरिष्ठांना हजेरीची ई-मेल जायची. मेल तिच्या वेळेला पोचायची, पण उघडली की पाठवल्याची वेळ दिसायची दुपारचे ३:३५. अजून न उजाडलेल्या दुपारची मेल सकाळीच हातात! शिवाय सर्व्हरमध्ये शिरताना मोबाइलच्या अ‍ॅपमधला, दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड टाकावा लागायचा, तो कोड सर्व्हर सपशेल नाकारत होता. तिथल्या कारकुनांनी मला पडदा दाखवला. म्हणाले, "मॅडम, घड्याळात काही दोष नाही बघा. भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिट न् मिनिट जुळतंय."

जुळत होतं खरं. फक्त वेळेच्या पुढे तीन अक्षरं होती, यूटीसी, आणि तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

हा घोळ मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की त्याबद्दल एकदा नीट लिहावं असं फार दिवस मनात होतं. युनिक्स घराण्यातल्या कुठल्याही संगणकावर, म्हणजे लिनक्स असो, फ्रीबीएसडी असो की मॅक, वेळेची दोन कामं अगदी वेगळी ठेवलेली असतात. एक मोजायचं काम आणि दुसरं वाचून दाखवायचं काम. वेळ चुकलेली दिसली की आधी ठरवायचं, मोजणी चुकली आहे की वाचन. वाचनातली चूक मोजणी हलवून दुरुस्त केली की वर वर सगळं छान दिसतं आणि आत गोंधळ सुरू होतो. त्या कार्यालयात नेमकं हेच झालं होतं.

आधी मोजणी. युनिक्सच्या पोटात तारीख नसते, वार नसतो, महिना नसतो. असतो फक्त एक आकडा: १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले. यूटीसी म्हणजे जगभर एकच मानलेली वेळ. आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत, त्यामुळे ही मोजणी शून्यावर होती तेव्हा भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते. २००० साल यूटीसीप्रमाणे सुरू झालं तेव्हा आकडा होता ९४,६६,८४,८००. १९७० च्या आधीचे क्षण उणे आकड्यांत लिहितात. १५ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र, जेव्हा देश स्वतंत्र झाला, ती या मोजणीत उणे ७०,६३,३९,८०० वर येते. टर्मिनलमध्ये 'डेट' ही कमांड अधिक-चिन्ह, टक्के-चिन्ह आणि एस हे अक्षर जोडून दिली की आत्ताचा आकडा दिसतो.

(कमांड मी इथे देवनागरीत लिहिते आहे. पडद्यावर त्या रोमन लहान अक्षरांत, उच्चाराप्रमाणे जोडून टाइप करायच्या. खंड-शहरांच्या नावांचं पहिलं अक्षर मात्र मोठं.)

या आकड्याचं मोठेपण असं की तो पुण्यात, शिकागोत, सिडनीत एका क्षणी एकच असतो. एकाच सर्व्हरवर पुण्याचा माणूस आणि शिकागोचा माणूस एकाच वेळी काम करत असतील तर दोघांनाही आपापली स्थानिक वेळ दिसू शकते. आतला आकडा कुणासाठी हलत नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांवरचा चष्मा तेवढा वेगळा. तो चष्मा म्हणजे टाइमझोन.

हा चष्मा असतो कुठे? 'ईटीसी' फोल्डरमध्ये 'लोकलटाइम' नावाची एक वाट असते. बहुतेक ठिकाणी ती एखाद्या पाटीसारखी दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवते. ती दुसरी फाइल 'यूएसआर', मग 'शेअर', मग 'झोनइन्फो' या फोल्डरांत असते. तिथे खंडांची नावं आहेत आणि खंडांच्या पोटात शहरांची. आपली फाइल 'एशिया' या फोल्डरमधली 'कोलकाता'.

इथे मराठी माणूस हमखास अडखळतो. मुंबई कुठे आहे? पुणे? पणजी? ती नाहीत. या यादीचा नियम असा की १९७० पासून ज्या भागातली घड्याळं अगदी सारखी चालली त्या सगळ्या भागाला मिळून एक नाव, आणि ते बहुधा तिथल्या सगळ्यात मोठ्या शहराचं. अख्ख्या भारतात एकच वेळ चालते, म्हणून एकच नाव. पूर्वी ते 'कलकत्ता' या इंग्रजी स्पेलिंगने होतं. २००८ मध्ये ते 'कोलकाता' झालं, आणि जुनं नावही चालू ठेवलं गेलं. हे सामान बांधायला सुरुवात केली आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी, पुढे पॉल एगर्ट यांनी ते सांभाळलं, आणि २०११ पासून ते इंटरनेटचे पत्ते-क्रमांक सांभाळणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या छत्राखाली आहे. एखाद्या देशाने घड्याळाचा नियम बदलला की इथे नोंद होते आणि नेहमीच्या अपडेटमधून ती आपल्या संगणकात उतरते. जगभरच्या घड्याळांचा हा हिशेब थोड्या माणसांनी वर्षानुवर्षं चिकाटीने ठेवला आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

आपल्या फाइलीतला इतिहास तर वाचण्यासारखा आहे. सूर्य पूर्वेला आधी उगवतो. नागपूरचा सूर्योदय मुंबईच्या साधारण २५ मिनिटं आधी होतो, म्हणून तर मुंबईसाठी छापलेल्या कॅलेंडरातल्या वेळा नागपूरकर कमी करून वाचतात. एकेकाळी प्रत्येक मोठ्या शहराची वेळ अशीच सूर्याला धरून होती. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. १ जानेवारी १९०६ ला मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून भारतीय प्रमाणवेळ ठरली, आणि मुंबईच्या मूळ वेळेत आणि तिच्यात ३९ मिनिटांचं अंतर पडलं. मुंबईत पुढेही अनेक दशकं जुन्या वेळेची घड्याळं चालू राहिली.

आणखी एक नोंद त्या फाइलीत आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. जुने ज्योतिषी त्या काळातल्या जन्मवेळेतून एक तास वजा करूनच पत्रिका मांडायला घेतात. युनिक्सही तेच करतं. १५ जानेवारी १९४४ चे सकाळचे ७ वाजले होते असं त्याला सांगितलं तर ते मुकाट्याने यूटीसीचे साडेबारा, म्हणजे मध्यरात्रीनंतरचा अर्धा तास, असा हिशेब करतं. म्हणून टाइमझोनच्या जागी नुसतं "अधिक साडेपाच" लिहू नये, शहराचं नाव द्यावं. आकड्याला इतिहास माहीत नसतो, नावाला असतो. नावालाच भविष्यही माहीत असतं. न्यू जर्सीतल्या लेकीला फोन करणाऱ्या आई-वडिलांना हे पाठच असतं: उन्हाळ्यात अंतर साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं हलतात. 'अमेरिका/न्यू यॉर्क' असं नाव दिलं की संगणक ते आपोआप सांभाळतो.

आयएसटी या तीन अक्षरांवरही विसंबू नका. भारतात ती भारतीय प्रमाणवेळ, इस्रायलमध्ये इस्रायलची आणि आयर्लंडमध्ये उन्हाळ्याची आयरिश वेळ.

आता एक सापळा, ज्यात मी जाणती माणसं पडलेली पाहिली आहेत. चष्मा एका माणसापुरता किंवा एका कमांडपुरताही बदलता येतो. त्यासाठी 'टीझेड' नावाचं चल, म्हणजे प्रोग्राम वाचतात अशी नाव दिलेली एक किंमत असते, हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत. टीझेड, मग बरोबरचं चिन्ह (=), मग 'एशिया/कोलकाता' असं लिहून पुढे 'डेट' दिलं की तेवढ्यापुरती भारतीय वेळ दिसते. पण कुणी तिथे 'एशिया/मुंबई' लिहिलं तर? लिनक्स कुरकुर करत नाही. चूक दाखवत नाही. सरळ यूटीसीची वेळ छापतं आणि तिच्यापुढे शिक्का मारतं 'एशिया'. पडद्यावर एशिया दिसल्यामुळे माणूस निश्चिंत होतो, आणि वेळ साडेपाच तास मागे असते. 'एशिया'चा ए किंवा 'कोलकाता'चा के लहान अक्षरात पडला तरी तेच. लहान कंटेनरमध्ये, म्हणजे एखाद्या प्रोग्रामला लागेल तेवढंच सामान भरलेल्या बंद डब्यात, तर ही झोनइन्फोची फाइलच बऱ्याचदा भरलेली नसते, तेव्हा नाव बरोबर असूनही यूटीसीच दिसतं. टाइमझोन बदलला की वेळेपुढची अक्षरं आणि फरकाचा आकडा, दोन्ही वाचून खात्री करायची. अधिक ०५३० दिसलं पाहिजे.

मोजणीकडे परत येऊ, कारण मोजणीही चुकते. संगणकात घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरची चिप, संगणक बंद असतानाही नाण्यासारख्या ३ व्होल्टच्या सेलवर चालणारी. दुसरं कर्नेलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचं, संगणक चालू असतानाचं. सुरू होताना कर्नेल चिपला एकदा वेळ विचारतो आणि मग स्वतःच मोजत राहतो. चिपमध्ये क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. दोनाचा पंधरावा घात, म्हणून पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद हाती येतो. पण स्फटिक तापमानाने आणि वयाने थोडा ढळतो. दशलक्षात २० भागांची चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळपास ५०. सेल संपला तर प्रश्नच मिटला, वीज गेली की चिप कुठल्यातरी जुन्या वर्षी जाऊन बसते. मग प्रत्येक सुरक्षित वेबसाइट "हे प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही" म्हणून अडवते आणि माणूस नेटवाल्याला फोन करत बसतो. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत तर अशी चिपच नव्हती.

चिपमध्ये कुठली वेळ ठेवायची, यावरून घराघरांत भांडण आहे. युनिक्सची रीत यूटीसी ठेवायची, विंडोजची रीत स्थानिक वेळ. एकाच संगणकावर दोन्ही असली की लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे, आणि विंडोजने चिप "सुधारली" की लिनक्समध्ये साडेपाच तास पुढे. यावर उपाय म्हणून विंडोजलाच चिप यूटीसीत वाचायला शिकवावं, असं माझं मत आहे. लिनक्सला चिप स्थानिक वेळेत वाचायला लावता येतं, पण मग चिपमधल्या आकड्याचा अर्थ टाइमझोनवर अवलंबून राहतो, आणि आपण जे वेगळं ठेवायला धडपडतोय ते पुन्हा एकमेकांत मिसळतं.

मोजणी बरोबर ठेवण्याची खरी सोय एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ विचारून घड्याळ जुळवायची पद्धत. डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड मिल्स यांनी ती उभी केली, १९८५ मध्ये तिचा पहिला मसुदा आला. युक्ती इतकी सुंदर आहे की आकड्यांतच पाहू. आपल्या संगणकाच्या घड्याळात ठीक १०:००:०० वाजले असताना तो वेळ-सर्व्हरला विचारतो. सर्व्हरच्या घड्याळात प्रश्न पोचतो १० वाजून २.०३० सेकंदांनी, उत्तर निघतं २.०३१ ला. ते आपल्याकडे येतं तेव्हा आपल्या घड्याळात १० वाजून ०.०६१ सेकंद झालेले असतात. जाताना फरक दिसला २.०३०, येताना १.९७०. जाण्यायेण्याला लागलेला वेळ एकीकडे मिळवला गेला, दुसरीकडे वजा झाला. सरासरी काढली की तो उडून जातो आणि उरतात नेमके २ सेकंद. आपलं घड्याळ तेवढं मागे आहे. अट एवढीच की जायची आणि यायची वाट सारख्या लांबीची असावी.

फरक कळला म्हणून लगेच उडी मारायची नसते. घड्याळ मागे उडालं तर एकच क्षण दोनदा येतो, आणि नोंदींची उतरंड कोसळते. म्हणून घड्याळाला हळूच पळवतात किंवा रेंगाळवतात, ठरलेला वेग सेकंदाला अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत. या चालीने एक सेकंद भरून यायला सुमारे ३३ मिनिटं लागतात. हे काम करणारा जुना प्रोग्राम एनटीपीडी १२८ मिलिसेकंदांपर्यंत असा धीर धरतो, त्यापुढे उडी मारतो, आणि फरक १,००० सेकंदांहून मोठा असला तर "हे माझ्या आवाक्याबाहेरचं" म्हणून काम सोडून बंद पडतो. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद. आज बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी क्रोनी किंवा सिस्टमडी-टाइमसिंकडी हा प्रोग्राम असतो, त्यांचा स्वभाव थोडा वेगळा आहे. भारतीय प्रमाणवेळ अधिकृतपणे सांभाळते दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, आणि तिचे वेळ-सर्व्हरही आहेत.

आता त्या कार्यालयात परत जाऊ. मी 'टाइमडेटसीटीएल' ही कमांड दिली. ती सहा-सात ओळींत सगळं सांगून टाकते: स्थानिक वेळ, जागतिक वेळ, चिपची वेळ, टाइमझोन, घड्याळ जुळवलेलं आहे का, एनटीपी चालू आहे का. स्थानिक वेळ आणि जागतिक वेळ दोन्ही एकच होत्या. टाइमझोन यूटीसी. जुळवणी बंद. भारतात बसलेल्या यंत्रावर या दोन वेळांत साडेपाच तास दिसत नसतील तर तिथेच थांबून विचार करायचा.

जुन्या नोंदी उलगडल्यावर कथा कळली. सर्व्हर बसवला तेव्हा टाइमझोन यूटीसीच राहिला होता, आणि अहवालात सगळे पहाटे साडेचारला कामावर आलेले दिसत होते. मोजणी बरोबर होती, वाचन चुकलं होतं. देखभालीला आलेल्या मुलाने घड्याळ हाताने पुढे केलं. एनटीपीने ते मागे आणलं. त्याने पुन्हा पुढे केलं, ते पुन्हा मागे आलं. शेवटी त्याने एनटीपीच बंद केलं. अहवाल सुधारला, सगळे खूश. पण मेलवर शिक्का पडू लागला "१०:०५, यूटीसी", आणि घेणाऱ्याचा संगणक इमानाने त्यात साडेपाच तास मिळवून ३:३५ दाखवू लागला. सहा आकडी कोड तर मोजणीच्या आकड्यावरूनच बनतो. दोन्हीकडचा आकडा वेगळा असला की कोड जुळणार कसा?

दुरुस्ती मी शनिवारी संध्याकाळी ७ वाजता ठेवली, कारण घड्याळ मागे जाणार होतं आणि त्या साडेपाच तासांत कुणी बोट ठेवलेलं मला नको होतं. सोमवार सकाळपर्यंत यंत्राला कुणी हात लावणार नव्हतं. आधी सगळ्याची प्रत काढून ठेवली. मग 'टाइमडेटसीटीएल', 'सेट-टाइमझोन', 'एशिया/कोलकाता'. लगेच पडद्यावर आले रविवारचे, मध्यरात्रीनंतरचे १२:३२. कारकून घाबरले. इथेच बहुतेक जण माघार घेतात आणि सगळं जुन्यासारखं करून ठेवतात. खरं तर चष्मा आत्ता कुठे बरोबर लागला होता आणि त्यातून मोजणीची चूक पहिल्यांदा स्पष्ट दिसत होती. मग 'सेट-एनटीपी', 'ट्रू'. काही सेकंदांत शनिवार, ७ वाजून ४ मिनिटं, आयएसटी, अधिक ०५३०. चिपमध्ये हीच वेळ उतरवायला 'एचडब्ल्यूक्लॉक' ला 'सिसटोएचसी' सांगितलं. शेवटी क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं करवून घेणारा प्रोग्राम, आणि हजेरीची सेवा पुन्हा सुरू केली, कारण चालू असलेले प्रोग्राम सुरू होताना घातलेलाच चष्मा घालून बसतात, नवा आला हे त्यांना कळत नाही.

(सिस्टमडी, म्हणजे बहुतेक लिनक्समधल्या सेवा चालवणारी यंत्रणा, नसलेल्या युनिक्सवर काम तेच, शब्द वेगळे. फ्रीबीएसडीवर 'टीझेडसेटअप', डेबियन या लिनक्सच्या जुन्या वळणात 'टीझेडडेटा'ची मांडणी नव्याने करायची, आणि काहीच नसेल तर 'लोकलटाइम'ची पाटी हाताने कोलकाताकडे वळवायची.)

राहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदी. पहिल्या काही दिवसांच्या नोंदींना हात लावायची गरज नव्हती, त्यांची मोजणी खरी होती. नवा चष्मा लागताच पहाटे ४:३५ चे आपोआप १०:०५ झाले. त्यानंतरच्या नोंदींतून जादाचे सेकंद वजा करायचे होते. १९,८०० वजा करायला मी बसले होते, पण ते मध्यरात्रीचे १२:३२ डोक्यातून जाईनात. ७ अधिक साडेपाच म्हणजे साडेबारा. वरची दोन मिनिटं कुठली? सिस्टमच्या नोंदवहीत तो क्षण सापडला. एका ओळीवर वेळ ०६:४२, लगेच पुढच्या ओळीवर १२:१४. साडेपाच तास नव्हे, ५ तास ३२ मिनिटं. त्या मुलाने समोरचं घड्याळ बघून वेळ घातली होती. मी १९,९२० वजा केले.

सोमवारी सकाळी पहिली नोंद ९:५२ ला पडली. १०:०५ ची मेल १०:०५ लाच आली. कारकुनांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि स्टूल ओढून भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे घेतलं.